मधलं नाव

डिसेंबर २०१७. कोर्टात निघायची माझी घाई चालली होती आणि ऑफिसच्या पायरीशी पाच माणसं येऊन उभी राहिली. नऊवारीतली आजी, अमेरिकेहून आलेले तिचे मुलगा-सून, वीस वर्षांचा नातू, आणि त्याच्या शर्टाची बाही घट्ट धरलेली आठ वर्षांची नात. सगळ्यांनी चपला काढल्या, तिने बूट काढले नाहीत. कोरे करकरीत, दोन नंबर मोठे बूट. तिकडे थंडी असते म्हणून मामीने आणलेले.

“मॅडम, दत्तकपत्र तयार आहे, तुम्ही फक्त एकदा नजर टाका,” मामा म्हणाले आणि कंदी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. “उद्या घरी होम आहे, परवा रजिस्टर करतो. आमचं विमान नऊ दिवसांनी आहे. व्हिसाचं मुंबईला जाऊन बघू.”

मुलीचे आईवडील दीड वर्षापूर्वी हायवेवरच्या अपघातात एकाच रात्री गेले होते. तेव्हापासून दोन्ही भावंडं आजोळी होती. भाऊ कराडला डिप्लोमा करत होता. आजीचे गुडघे गेलेले, साखर वाढलेली. मामा-मामी न्यू जर्सीत राहणारे, दोघंही अमेरिकन नागरिक. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मुलाची ओळख उघड करू देत नाही, म्हणून इथे नावं नाहीत आणि काही खुणा मी मुद्दाम बदलल्या आहेत.

मसुदा वाचायला मला पाच मिनिटं लागली, आणि ‘हे करू नका’ हे कसं सांगावं याचा विचार करायला त्याहून जास्त. दत्तक देणार म्हणून त्यात आजीचं नाव होतं. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याप्रमाणे मूल दत्तक द्यायचा हक्क आईवडिलांचा. दोघंही हयात नसतील तर पालक देऊ शकतो, पण आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. आजीने कितीही मायेने सही केली असती तरी ते दत्तक टिकलं नसतं.

त्याहून मोठी अडचण अमेरिकेची होती. परदेशी दत्तकाबाबत १९९३ चा हेग करार आहे. तो भारतात २००३ पासून आणि अमेरिकेत २००८ पासून लागू आहे. दोन्ही देश त्यात असल्यामुळे मूल सख्ख्या बहिणीचं असलं तरी कामाचा ठरलेला क्रम मोडता येत नाही.

मामींनी मला थांबवलं. “म्हणजे आम्ही तिला सांभाळायला लायक आहोत की नाही, हे आता सरकार ठरवणार?”

“हो. तुम्ही लायक आहात की नाही हे अमेरिका ठरवणार. हिला दत्तक देता येतं का, आणि त्यात हिचं भलं आहे का, हे भारत ठरवणार. दोन्हीकडून होकार आला की मग दत्तक. तुम्ही दत्तक आधी करायला निघालाय.”

त्या दिवशी मी त्यांना हे पुन्हा पुन्हा सांगितलं, कारण खरा धोका तिथेच होता. अमेरिकेत आधी आय-८००ए हा अर्ज भरून स्वतःची पात्रता सिद्ध करायची, मग मुलीसाठी आय-८०० भरायचा. त्याला तात्पुरती मंजुरी मिळायच्या आत इकडे दत्तक उरकलं, तर तो अर्जच नाकारला जातो. परवा ती नोंदणी झाली असती, तर ज्या कागदाच्या जोरावर तिला न्यायचं होतं त्याच कागदाने तिची वाट अडवली असती.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी भटजींना फोन लावला आणि उद्याचा होम रद्द केल्याचं सांगितलं. मुलगी भावाकडे बघत होती. “मग मी जाणार नाही का?” तिने विचारलं. “जाशील, पण आत्ता नाही,” मी म्हणाले. यापेक्षा खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पुढचं वर्ष कागदांतच गेलं. नात्यातलं मूल परदेशी न्यायची वाट बाल न्याय कायद्याच्या कलम ६० मध्ये आहे. तिथे ‘नातेवाईक’ म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा, एवढेच. चुलतभावाच्या किंवा मावसबहिणीच्या मुलासाठी लोक आजही माझ्याकडे येतात, त्यांना ही वाट नाही. सुदैवाने आमचे सख्खे मामा होते.

तिकडे मान्यताप्राप्त संस्थेच्या समाजसेविका त्यांच्या घरी जाऊन आल्या. बोटांचे ठसे, मिळकत, तब्येत, पोलिसांकडचा तपास, सगळं झालं. मामींचा एकदा रात्री फोन आला, आवाज घोगरा झालेला. “त्यांनी विचारलं, तिच्या आईबद्दल तिला काय सांगणार? मॅडम, ती माझी नणंद होती, माझ्या लग्नाआधीपासूनची मैत्रीण. मला बोलताच आलं नाही.” ‘हे असले प्रश्न कशाला विचारतात’ असं लोक म्हणतात. हा प्रश्न विचारला गेला याचं मला बरं वाटलं. आठ वर्षांचं पोर आईचा चेहरा मनात घेऊनच जाणार होतं.

इकडे आजीला बाल कल्याण समितीपुढे नेलं, कारण आईवडील नसताना पालकाने मूल द्यायचं तर समितीची परवानगी लागते. जिल्हा बाल संरक्षण कक्षाची माणसं घरी आली आणि त्यांनी कुटुंबाच्या माहितीचा अहवाल तयार केला. तो दिल्लीला ‘कारा’कडे, म्हणजे देशभरातल्या दत्तकांचं काम बघणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाकडे गेला आणि तिथून अमेरिकेला. मूल पाच वर्षांचं किंवा त्याहून मोठं असेल तर त्याचीही संमती घ्यावी लागते. आजीने तिला उत्तर पाठ करून ठेवलं होतं. तिने ते म्हटलं नाही. “मला जायचंय, पण दादाची परीक्षा झाल्यावर,” असं ती म्हणाली.

मध्येच चुलते उभे राहिले. वडिलांच्या नावची दीड एकर बागायत होती आणि सातबाऱ्यावर वारस म्हणून दोन्ही भावंडांची नावं लागली होती. “दत्तक गेली की ती परक्या घरची झाली, तिचं नाव कमी करा,” असं त्यांचं म्हणणं. गावोगाव हाच समज आहे आणि तो चुकीचा आहे. कलम ६३ प्रमाणे दत्तकाचा आदेश लागू झाला की मूल नव्या आईवडिलांचं होतं आणि जन्मघराशी असलेलं कायदेशीर नातं संपतं. पण आदेशाआधी जी मिळकत मुलाच्या नावे झालेली आहे ती त्याचीच राहते. मी हे लेखी कळवलं. मामांनी दादाला सांगितलं, “कसायचं तू. तिचं नाव तिथेच राहील.” त्यानंतर चुलत्यांचा निरोप आला नाही.

मार्च २०१९ मध्ये जिल्हा न्यायाधीशांपुढे सुनावणी झाली. तेव्हा आदेश कोर्ट देत असे. १ सप्टेंबर २०२२ पासून कायद्याने तो अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे कलेक्टरांना दिला आहे. अशी सुनावणी बंद दाराआडच होते, म्हणून आम्ही चेंबरमध्ये बसलो. मुलीच्या पायात तेच बूट होते. आता ते बरोबर बसत होते.

साहेबांनी मामांना विचारलं, “या दत्तकासाठी कुणी कुणाला पैसे दिलेत? किंवा देतो म्हणून कबूल केलंय?” मामांचा चेहरा लाल झाला. “कायद्याने खात्री करून घ्यावीच लागते,” साहेब शांतपणे म्हणाले. मुलांची खरेदी-विक्री कशी होते ते ज्याने फाइलींमधून वाचलंय, त्याला या प्रश्नाचा राग येत नाही.

मग त्यांनी मुलीला खुर्चीवर बसवलं आणि तुला काही विचारायचंय का, असं विचारलं. तिने थोडा विचार केला. “माझं आडनाव बदललं की हजेरीत माझा नंबर कितवा येणार?”

कुणी हसलं नाही. “आता कितवा आहे?” साहेबांनी विचारलं.

“सतरा.”

“नव्या शाळेत नवा येईल. तुझ्या बाईंना विचारून दादाला कळव.”

दादा मात्र वेगळ्याच नावात अडकला होता. आदल्या संध्याकाळी तो एकटाच माझ्याकडे आला होता. “मॅडम, तिचं आडनाव मामांचं लागेल, ते ठीक आहे. पण मधलं नावही मामांचंच येणार ना? म्हणजे बाबांचं नाव कुठेच राहणार नाही.” आपल्याकडे मुलीचं मधलं नाव म्हणजे तिचा बाप. ते पुसलं जाणार, हे त्या पोराला दीड एकरापेक्षा जास्त लागलं होतं. मी कलम ६० उघडून त्याला तिसरं पोटकलम मराठीत समजावून सांगितलं. नात्यातलं मूल परदेशी नेणाऱ्या आईवडिलांनी त्याची भावंडांशी वेळोवेळी गाठभेट घडवून आणली पाहिजे, असं तिथे लिहिलेलं आहे. दादाने ते मोबाइलवर टाइप करून घेतलं. नावाचं मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर मामींनी काढलं. रात्री फोनवर त्या म्हणाल्या, “अमेरिकेत मधलं नाव वडिलांचंच असलं पाहिजे असं काही नाही. तिच्या नावापुढे दादांचं नाव राहू दे.” दादा म्हणजे मुलीचे वडील. पाहुण्यांत त्यांना सगळे तसंच म्हणत. सकाळी मी अर्जात नावाची दुरुस्ती मागितली. साहेबांनी कारण विचारलं, ऐकून घेतलं आणि मंजूर केलं.

आदेशानंतर काराचं ना-हरकत प्रमाणपत्र, हेग कराराप्रमाणे दत्तक झाल्याचा दाखला, नवा पासपोर्ट आणि व्हिसा, एवढं बाकी होतं. यातल्या प्रत्येक ठिकाणी नावाचं एकेक अक्षर आदेशाशी ताडून बघतात. म्हणून प्रमाणित प्रत हातात आल्यावर मी ती दादाला दिली आणि म्हटलं, तूच तपास. कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली बाकावर बसून तो नावावर बोट ठेवत एकेक अक्षर वाचत गेला. बहीण त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

“बाबांचं बरोबर आहे,” तो म्हणाला. मग त्याने बोट पुढे सरकवलं आणि आडनाव तपासायला घेतलं.