अमायुरचा पडका किल्ला

सकाळी उत्तर स्पेनमधल्या उर्दाशहून निघाले. ओत्सोंदोची खिंड चढेपर्यंत धुक्याने पाठ सोडली नाही. पंढरीच्या वारीत दिवेघाट चढताना पुढच्या दिंडीचे टाळ ऐकू येतात आणि पाय आपोआप उचलतात. इथे फक्त माझ्या काठीचा आवाज आणि दगडावर रंगवलेला पिवळा बाण. बायोनहून पाम्पलोनाकडे जाणारी ही बास्तान खोऱ्यातली वाट पुढे सांतियागोच्या, ख्रिस्ती यात्रेकरूंच्या मोठ्या वाटेला मिळते.

खिंड उतरलं की अमायुर. कमानीतून आत शिरलं की एकच मोठा रस्ता, दोन्ही अंगांना तांबूस दगडाची घरं. मागच्या टेकडीवर किल्ला, म्हणजे आता उकरून काढलेले भिंतींचे पायथे आणि एक स्मारकस्तंभ.

शेजारच्या कास्तीलच्या राज्याने १५१२ मध्ये इथलं नवाराचं राज्य घेतलं. १५२१ मध्ये ते सोडवायचा प्रयत्न फसला, पण हा किल्ला नवाराच्या राजनिष्ठांच्या हाती राहिला. जुलै १५२२ मध्ये वेढा पडला. आत हाइमे वेलास दे मेद्रानो आणि जेमतेम दोनशे माणसं. शरण आल्यावर किल्ला पाडला गेला. १९२२ मध्ये उभारलेला स्तंभसुद्धा १९३१ मध्ये सुरुंग लावून उडवला, तो १९८२ मध्ये पुन्हा उभा राहिला.

त्या दोनशेंत मिगेल होता, गोव्यात आलेल्या मिशनरी संत फ्रान्सिस झेवियरचा थोरला भाऊ. त्याच्यासाठीच मी ही वाट धरली. मी म्हापशाची. लहानपणी ३ डिसेंबरला आईचा हात धरून जुन्या गोव्याच्या फेस्ताला जायचे, झेवियरच्या शवाची चांदीची पेटी बघायचे. गोंयचो सायब. आमचा मंगेश मात्र पोर्तुगीजांच्या भीतीने १५६० मध्ये कुठ्ठाळीहून नदीपलीकडे प्रियोळला न्यावा लागला, हेही घरात सांगितलं जायचं.

भिंतीवर बराच वेळ बसले. भाऊ इथे लढत होता तेव्हा फ्रान्सिस सोळा वर्षांचा. त्याच्या स्वतःच्या वाड्याचे बुरूजही कास्तीलने आधीच उतरवले होते. वीस वर्षांनी तो गोव्याला उतरला, आणि १५४६ मध्ये त्यानेच पोर्तुगालच्या राजाकडे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाला शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, मागितलं. ज्याचं घर पाडलं गेलं, त्याला आमच्या घरांचं दुःख कसं दिसलं नाही? हा प्रश्न मी म्हापशाहून घेऊन आले होते, तो तसाच राहिला.

खाली पाणचक्कीत एक बाई मक्याचा तालो थापत होती, दोन्ही तळहातांत फिरवत, अगदी भाकरीसारखा. मी गोव्याची म्हटल्यावर तिने वर टेकडीकडे बोट केलं. ‘‘हाविएरचा भाऊ तिथे होता.’’ झेवियरला इथे हाविएर म्हणतात. गरम तालो कागदात बांधून घेतला. एलिझोंदो अजून दोन तासांवर होतं.