तुम्ही विचारलंत म्हणून: चांगल्या विचारांनी पोलिसाचा ताण जातो का?

पोलिसांसाठी सकारात्मक विचारांचे वर्ग घेते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "बारा-बारा तास बंदोबस्ताला उभ्या राहणाऱ्या माणसाला चांगले विचार शिकवून काय होणार?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगते.

'सगळं छान होईल' हे वाक्य मी वर्गात एकदाही उच्चारत नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला ते ऐकवणं म्हणजे त्याचा अपमान. माणूस मनातल्या मनात स्वतःला काय ऐकवतो, तिथे आमचं काम असतं. एका हवालदारांनी वहीत लिहिलं होतं, 'माझ्याच्यानं काहीच होत नाही.' आदल्या आठवड्यात हायवेवरच्या अपघातात कॉलेजातला एक मुलगा गेला होता आणि पंचनामा यांच्याकडे होता. म्हटलं, "दादा, त्या रात्री काय काय केलंत ते ओळीने सांगा." वाहतूक वळवली. पंच बोलावले. मोबाइलवरून घर शोधलं. मग जरा थांबून म्हणाले, "आई यायच्या आधी पोराचा चेहरा माझ्या रुमालाने पुसून घेतला."

हे वहीत नव्हतं. तिथेच लिहायला लावलं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये स्वयंक्षमतेचा सिद्धांत मांडला. 'हे मला जमेल' हा भरवसा सर्वांत जास्त येतो तो स्वतः पार पाडलेल्या कामातून, शाबासकीतून त्याहून कमी, असं ते सांगतात. पोलिसांत चूक झाली की लगेच ऐकून घ्यावं लागतं. नीट झालेलं काम मात्र स्टेशन डायरीच्या एका ओळीत मिटून जातं. ती ओळ उघडायची, एवढंच मी करते.

पण झोपेचं काय? थकलेलं, धडधडणारं शरीरही माणसाला 'तुला जमणार नाही' असंच सांगत असतं, हेही बंडुरांनीच मांडलंय. २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. कल्पना एका शिपायाची, आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. मला याचं फार अप्रूप वाटतं. हक्काची रजा नाकारायची आणि तिच्या बदल्यात माझा दोन तासांचा वर्ग ठेवायचा, हे मला मान्य नाही. बोलावणाऱ्या साहेबांना ते मी आधीच सांगते.

गणपतीच्या आधी त्या हवालदारांचा फोन आला. विसर्जनाचा पॉइंट लागला होता. मोठी वही खिशात मावत नाही, म्हणून छोटी घेतली म्हणाले.