ओकलंडचा संघ गेला, तो हरल्यामुळे नाही

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा बेसबॉल संघ गेला, असं पुण्याला फोनवर सांगितलं की पलीकडून हमखास विचारलं जातं, "गेला म्हणजे? स्पर्धेतून बाहेर का?" नाही हो. शहर सोडून गेला. खेळाडू, नाव, हिरवा-सोनेरी गणवेश, कपाटातल्या ट्रॉफ्या, सगळं घेऊन गेला.

घरच्यांना हे पटकन समजत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. रणजीचा मुंबईचा संघ कुणी उचलून इंदूरला नेऊ शकत नाही, कारण तो कुणा एकाचा नाहीच. इथे बास्केटबॉल काय आणि बेसबॉल काय, दोन्ही मोठ्या लीगमध्ये तीस-तीस संघ आहेत आणि जवळजवळ प्रत्येक संघ ही कुणाची तरी खासगी मालमत्ता आहे. तो दुसऱ्या शहरात न्यायचा तर बाकीच्या मालकांची संमती लागते. शहराची लागत नाही. पुणेकरांना याची थोडीशी चव आहे म्हणा. पुणे वॉरियर्स २०१३ मध्ये संपला, रायझिंग पुणे सुपरजायंट दोन हंगाम खेळून गेला, आणि गहुंज्याचं मैदान तेवढं राहिलं. पण ते संघ रुजायच्या आधीच उठले. अॅथलेटिक्स, म्हणजे आमचा ए'ज, १९६८ पासून ओकलंडमध्ये होता. १९७२, ७३, ७४ असं लागोपाठ तीनदा आणि मग १९८९ मध्ये त्याने वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं सर्वोच्च विजेतेपद, जिंकली. इथे आजोबा, मुलगा आणि नात एकाच रांगेत बसून सामना बघायचे. मी स्वतः बघितलंय.

ओकलंडलाही हा संघ कॅन्सस सिटीकडून मिळाला होता, आणि कॅन्सस सिटीला फिलाडेल्फियाकडून, हे मला माहीत आहे. म्हणून ओकलंडचं दुःख खोटं ठरत नाही. ही रीतच वाईट आहे आणि दर पिढीत ती वेगळ्या शहराच्या वाट्याला येते, एवढंच त्यातून दिसतं.

जागा जरा डोळ्यांसमोर आणा. बार्टच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, कोलिझियम स्टेशनवर उतरलं की एक लांब पादचारी पूल लागतो. त्यावर दोन्ही बाजूंना पाण्याच्या बाटल्या, खारे शेंगदाणे आणि टोप्या विकणारे. पूल संपला की एकाच पार्किंगमध्ये दोन इमारती शेजारीशेजारी. एक गोल काँक्रीटचं कोलिझियम, तिथे बेसबॉल. दुसरी अरीना, तिथे गोल्डन स्टेट वॉरियर्सचं बास्केटबॉल. कोलिझियम काही देखणं नव्हतं. ड्रेनेज तुंबून घाण पाणी खेळाडूंच्या खोल्यांत शिरायचं, त्याच्या बातम्या व्हायच्या. पण उजव्या मैदानामागच्या बाकांवर ढोल वाजायचे, खरे ढोल, पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत. गणपतीतल्या ढोल-ताशाच्या आवाजात वाढलेल्या माझ्यासारखीला त्या मैदानावर परकं वाटलंच नाही.

बेसबॉल मला शिकवला आमच्या शेजाऱ्यांनी. बंदरात नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ. सामन्याला पेन्सिल आणि स्कोअरकार्ड घेऊनच जायचे. प्रत्येक फलंदाजासाठी एक चौकोन, त्यात एक छोटी शंकरपाळी. तो जितक्या बेसपर्यंत पोचला तितक्या तिच्या बाजू गडद करायच्या. तीन स्ट्राइकवर बाद झाला तर 'के' अक्षर. शेवटच्या चेंडूला बॅट न हलवता नुसता उभा राहून बाद झाला तर तोच 'के' उलटा. "तो कसा बाद झाला हे दहा वर्षांनी वाचलं तरी कळायला हवं," असं त्यांचं म्हणणं. मला या खेळाची गोडी लागली ती त्या चौकोनांमुळे.

आता चाहत्याच्या रागाबद्दल. त्यात दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत केली की मालकांचं फावतं.

पहिला राग खेळातल्या निर्णयांचा. मार्च २०१२ मध्ये वॉरियर्सनी मोंटा एलिसला मिलवॉकीला देऊन अँड्र्यू बोगट घेतला. एलिस लोकांच्या गळ्यातला ताईत. २००७ मध्ये आठव्या मानांकनाच्या ज्या वॉरियर्सनी ६७ सामने जिंकलेल्या डॅलसला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं, त्या संघातला. आणि बोगट तर तेव्हा दुखापतीने खेळतही नव्हता. आठवडाही झाला नव्हता तोच संघाच्या जुन्या खेळाडूच्या, क्रिस मलिनच्या, जर्सीचा सन्मान सोहळा आला. मालक जो लेकब माइक घेऊन उभे राहिले आणि सगळ्या अरीनाने त्यांची हुर्यो उडवली. थांबायलाच तयार नाही. शेवटी १९७५ च्या विजेत्या संघाचे रिक बॅरी पुढे आले आणि त्यांनी प्रेक्षकांनाच झापलं. २०१५ मध्ये काय झालं ते जगाला माहीत आहे. स्टेफ करीला मोकळं रान मिळालं, बोगट मधली जागा सांभाळत होता, आणि चाळीस वर्षांनी विजेतेपद आलं. लोकांचा राग खरा होता, निर्णयही बरोबर होता.

उलट उदाहरणंही आहेत. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत, सॅक्रामेंटो किंग्जकडे दुसरी निवड होती. त्यांनी लुका डॉन्चिचला सोडून मार्विन बॅगलीला घेतलं. सॅक्रामेंटोतला कुणीही बास्केटबॉलवेडा अजून त्या दिवसाबद्दल बोलताना आवाज चढवतो. त्याच डॉन्चिचला डॅलसने फेब्रुवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकलं, संघाला अंतिम फेरीत नेऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा. लोक स्टेडियमसमोर शवपेटी घेऊन जमले. ज्यांनी तो सौदा केला त्या जनरल मॅनेजरची नोकरी नोव्हेंबरात गेली.

हे सगळं मी समजू शकते. रात्रीची झोप उडाली तरी समजू शकते. कारण निर्णय शहाणपणाचा असो की मूर्खपणाचा, घेणाऱ्याला जिंकायचं असतं.

दुसऱ्या जातीचा राग, म्हणजे संघच शहर सोडून गेल्याचा, वेगळा आहे, आणि तो ओकलंडने दोनदा गिळला. रेडर्सचा अमेरिकन फुटबॉल धरला तर त्याहूनही जास्त वेळा.

वॉरियर्स १९७१ मध्ये ओकलंडला आले. संघ हरत होता तेव्हाही ती अरीना भरायची, साऱ्या लीगमध्ये तिथल्या आवाजाचं नाव होतं. २०१५, १७ आणि १८ ची विजेतेपदं संघ तिथे असतानाच मिळाली. मग पुलापलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत चेस सेंटर उभं राहिलं. १३ जून २०१९ ला ओकलंडमधला शेवटचा सामना झाला. वॉरियर्सच्या क्ले थॉम्प्सनचा गुडघा गेला, टोरांटोने ११४-११० ने सामना आणि विजेतेपद दोन्ही नेलं. नव्या ठिकाणी हंगामाचं तिकीट घ्यायचं तर आधी सभासदत्वासाठी मोठी रक्कम द्यायची, ती तीस वर्षांनी बिनव्याजी परत. शिक्षक, बसचालक, नर्स यांच्यासाठी ते दार तिथेच बंद झालं. शिवाय जुन्या अरीनाच्या नूतनीकरणाचं उरलेलं कर्ज फेडायला संघ तयार नव्हता. शहर आणि काउंटीला ते भांडून वसूल करावं लागलं. तरी वॉरियर्सच्या मालकांबद्दल एक गोष्ट मान्य करते. त्यांनी सरकारचा पैसा न घेता स्टेडियम बांधलं आणि संघावर खर्च करायला हात आखडला नाही. आणि सॅन फ्रान्सिस्को बार्टने वीस-पंचवीस मिनिटांवर आहे.

ए'जच्या बाबतीत यातलं काहीच म्हणता येत नाही.

जॉन फिशर यांनी २००५ मध्ये लू वुल्फ यांच्यासोबत संघ घेतला. त्यानंतर नव्या मैदानाच्या घोषणा एकामागून एक. आधी फ्रीमाँट. हो, आपलं फ्रीमाँट, जिथे गुढीपाडव्याला श्रीखंडाच्या डब्यांसाठी रांग लागते. ते २००९ मध्ये बारगळलं. मग सॅन होजे. तिथे सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनी आडकाठी केली, सॅन होजेवर आपला प्रादेशिक हक्क आहे म्हणून. गंमत अशी की तो हक्क ए'जच्याच आधीच्या मालकांनी, वॉल्टर हास यांनी, जायंट्स अडचणीत असताना एक पैसा न घेता दिला होता. सॅन होजे कोर्टात गेलं आणि हरलं. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली, ती आजही चालू आहे. बास्केटबॉलला अशी सूट नाही. मग हॉवर्ड टर्मिनल, ओकलंडच्या बंदरातली जागा, पाण्याच्या काठावर. माझे शेजारी तिथला नकाशा घडी करून खिशात ठेवायचे. शहराने फेब्रुवारी २०२२ मध्ये पर्यावरण अहवाल मंजूर केला, रस्त्यांसाठी अनुदानं गोळा करायला सुरुवात केली. या सगळ्या काळात संघाची स्वतःची घोषणा होती, आमची मुळं ओकलंडमध्ये आहेत. एप्रिल २०२३ मध्ये एका रात्री बातमी आली की लास व्हेगासमध्ये जमिनीचा करार झाला. नेवाडा राज्याने जूनमध्ये ३८ कोटी डॉलरपर्यंतचा सार्वजनिक पैसा मंजूर केला.

लोक सामन्यांना येत नव्हते, असं मालकांच्या बाजूने नेहमी सांगितलं जातं. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. ऑक्टोबर २०१९ च्या वाइल्ड कार्ड सामन्याला, म्हणजे बादफेरीत पुढे जाण्यासाठीच्या एकाच सामन्याला, याच जुनाट कोलिझियममध्ये ५४,००५ माणसं होती. त्या प्रकारच्या सामन्याला तेवढी गर्दी आधी कधीच झाली नव्हती. मग मार्च २०२२ मध्ये एका आठवड्यात क्रिस बॅसिट, मॅट ओल्सन, मॅट चॅपमन हे चांगले खेळाडू दुसऱ्या संघांना देऊन टाकले. वर्षअखेर शॉन मर्फी. त्याच हंगामात तिकिटांचे दर वाढले. ओल्सनने पुढच्या वर्षी अटलांटासाठी ५४ होम रन मारले आणि इथे २०२३ मध्ये संघ ११२ सामने हरला. चांगला माल दुकानातून काढून टाकायचा, भाव वाढवायचे आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून दुकान हलवायचं, हा प्रकार होता.

लोकांनी मग उलटा बहिष्कार पुकारला. म्हणजे मैदान रिकामं ठेवायचं नाही, भरायचं. तारीख पुन्हा १३ जून, साल २०२३, मंगळवारची रात्र. २७,७५९ माणसं आली. बहुतेकांच्या अंगावर हिरवा शर्ट आणि छातीवर एकच शब्द, 'सेल', म्हणजे संघ विकून टाका. ते शर्ट चाहत्यांनी वर्गणी काढून फुकट वाटले. पाचव्या इनिंगच्या पहिल्या फलंदाजाला सगळं मैदान ठरवून गप्प बसलं. तो गेल्यावर जो गजर उठला तो पार्किंगपर्यंत ऐकू येत असणार. आणि ए'जनी त्या वेळच्या अव्वल टँपा बेला २-१ ने हरवलं, लागोपाठ सातवा विजय. दोन दिवसांनी बेसबॉलचे कमिशनर रॉब मॅनफ्रेड त्याबद्दल काय म्हणाले, तर एका रात्रीपुरती जवळजवळ सरासरी गर्दी जमली हे बघून बरं वाटलं. लोक रडत होते, आणि लीगचा सर्वोच्च माणूस त्यांना टोमणा मारत होता. नोव्हेंबरमध्ये मालकांचं मतदान झालं. ३०-०. स्थलांतराचं शुल्कही माफ.

बास्केटबॉलमध्ये याच्या अगदी उलट घडलेलं आहे, आणि त्यात एक मुंबईकर आहे. २०१३ मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज सिएटलला जाण्याच्या बेतात होते, सौदा ठरला होता. महापौर केव्हिन जॉन्सन, जे स्वतः एनबीए, म्हणजे बास्केटबॉलची मोठी लीग, खेळलेले, त्यांनी स्थानिक खरेदीदारांची जुळवाजुळव केली. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे त्या गटाचे प्रमुख झाले, त्यासाठी त्यांनी वॉरियर्समधला आपला हिस्सा सोडला. बास्केटबॉलच्या मालकांनी २२-८ ने स्थलांतर नाकारलं. संघ राहिला, २०१६ मध्ये शहराच्या मध्यभागी नवी अरीना झाली. आपल्याकडच्या माणसाने एका शहराचा संघ वाचवला, हे मी किती जणांना अभिमानाने सांगितलंय. आणि आता ए'ज लास व्हेगासचं मैदान तयार होईपर्यंत कुठे खेळतात? सॅक्रामेंटोजवळच्या सटर हेल्थ पार्कमध्ये, कनिष्ठ लीगच्या चौदा हजारांच्या मैदानात. ते मैदान रणदिवेंच्याच गटाकडे आहे. व्यवहार म्हणून त्यात गैर काही नाही. पण संघ जाताना शहराला काय वाटतं हे ज्याला सगळ्यात नीट माहीत, त्यानेच ओकलंडच्या संघाला घर द्यावं, हे मला आजही पचत नाही. संघाने नावापुढे सॅक्रामेंटोही लावलेलं नाही. नुसता 'अॅथलेटिक्स', बिनगावाचा.

कोलिझियममधला शेवटचा सामना २६ सप्टेंबर २०२४ ला झाला. ४६,८८९ प्रेक्षक, गुरुवारची दुपार, टेक्ससवर ३-२ ने विजय. ओकलंडमध्येच वाढलेला, ए'जचा जुना दिग्गज रिकी हेंडरसन पहिला चेंडू टाकायला आला होता. डिसेंबरात त्याचं निधन झालं. सामन्यानंतर व्यवस्थापक मार्क कॉटसेने माइक हातात घेऊन आभार मानले आणि ओकलंडच्या नावाचा गजर करायला लावला. माझ्या शेजाऱ्यांनी शेवटचा चौकोन भरला, कार्डावर तारीख घातली आणि सही करून ते मला दिलं.

त्यांना मी सॅक्रामेंटोबद्दल विचारलं होतं. १३० किलोमीटर काही लांब नाही, गाडी मी चालवेन म्हटलं. ते नाही म्हणाले. मीही गेले नाही, जाणारही नाही. वॉरियर्सचे सामने मात्र घरी टीव्हीवर बघते.

बेसबॉल सुटलेला नाही. वेस्ट ओकलंडमध्ये रेमंडी पार्कवर २०२४ पासून ओकलंड बॉलर्स नावाचा संघ खेळतो, मोठ्या लीगच्या बाहेरच्या पायोनियर लीगमध्ये. त्याचे काही समभाग चाहत्यांनाच विकले आहेत. बाकं लाकडी, खेळाडू पोरसवदा, पिचरच्या चेहऱ्यावरचा घाम दिसेल इतक्या जवळ बसायला मिळतं. उजव्या मैदानामागचे ते ढोलवालेही तिथे दिसतात. २०२५ मध्ये बॉलर्सनी लीगचं विजेतेपद जिंकलं. शेजाऱ्यांनी नवं स्कोअरबुक घेतलंय, आणि पहिल्या पानावरच्या एका चौकोनातला उलटा 'के' माझ्या हातचा आहे.