तार कापायची नाही : आमची वाटचाल

आमच्या दुकानाची सुरुवात गाडीचे स्टिरिओ विकण्यापासून नाही, दुरुस्तीपासून झाली. नव्वदच्या दशकात अण्णा, म्हणजे आमचे वडील, टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. हेड साफ करा, बेल्ट बदला, मोटर पाहा. गाडीतला टेप आला की तो काढायला आणि परत बसवायला कोणीतरी लागायचं, ते काम माझ्याकडे आलं. दुरुस्तीपेक्षा बसवण्यात जास्त सुटतं, हे आधी आईनं ओळखलं, कारण हिशेबाची वही तिच्याकडे होती. मग नाशिकच्या द्वारका चौकाजवळ गाळा घेतला. एकीकडे मुंबई-आग्रा महामार्ग, दुसरीकडे पुण्याचा रस्ता. गिऱ्हाईक शोधत फिरावं लागलं नाही.

मध्ये काही वर्षं निफाड-दिंडोरीकडच्या ट्रॅक्टरांवर मोठे स्पीकर बसवून दिले. पैसा बरा होता, पण टेस्टिंगच्या वेळी शेजारचा टायरवाला हात जोडायचा. ते काम आम्ही बंद केलं. सीडी आली, गेली. यूएसबी आली आणि सीडीचा राहिलेला माल पडून राहिला.

आता रोजचं काम वेगळंच आहे. गाडी जुनी, इंजिन ठणठणीत, मालकाला गाडी बदलायची नाही. फक्त फोनचा नकाशा समोर दिसावा आणि रिव्हर्स घेताना मागचं कळावं, एवढंच हवं असतं. फोन गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारे अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले 2014 मध्ये जाहीर झाले, पण अशी गिऱ्हाइकं आमच्याकडे खऱ्या अर्थानं वाढली ती बरीच नंतर.

स्टिरिओच्या खाचेचं माप जर्मन मानकातून आलंय : सिंगल डिन 180 बाय 50 मिलिमीटर, डबल डिन 180 बाय 100. म्हणून कुठल्याही कंपनीचा सात इंची डबल डिन तशी खाच असलेल्या जुन्या गाड्यांत बहुधा सहज जातो. नऊ इंची स्क्रीन मात्र खाचेच्या बाहेर येते, तिला त्या गाडीच्या मॉडेलचीच फ्रेम लागते. फ्रेम बरोबर नसली की खराब रस्त्यावर डॅशबोर्ड करकरायला लागतो. तो आवाज कुठून येतो ते शोधण्यात अख्खी दुपार जाते.

आमचा नियम एकच, गाडीची मूळ वायर कापायची नाही. गाडीच्या सॉकेटला जुळणारा कपलर घ्यायचा आणि जोडाजोडी कपलरच्याच तारांवर करायची. पिवळी वायर कायम बारा व्होल्टची, तिच्यावर घड्याळ आणि सेटिंग टिकतं. लाल वायर चावी फिरवल्यावर चालू होते. काही गाड्यांत सॉकेटमधल्या या दोन जागा उलट असतात. ते न तपासता जोडलं की दर वेळी गाडी बंद केल्यावर स्टेशनं पुसली जातात. आणि दोन्ही कायम करंटवर टाकल्या तर गाडी उभी असतानाही स्टिरिओ चालूच राहतो, सकाळी बॅटरी डाऊन. आधी दुसरीकडे काम करून घेतलेल्या गाड्या येतात तेव्हा बहुधा हीच भानगड सापडते, वर पिळून टेप गुंडाळलेल्या तारा. उन्हात टेपचा गोंद सुटतो. कपलर असला तर गाडी विकताना मूळ रेडिओ काही मिनिटांत परत बसतो.

वॅटबद्दल स्पष्टच सांगतो. डब्यावर '4 गुणिले 50' लिहिलेलं असतं, ते क्षणभराचं कमाल. वेगळ्या अॅम्प्लिफायरशिवाय सलग मिळतात ते एका चॅनेलला, म्हणजे एका स्पीकरला, साधारण पंधरा ते वीस वॅट. बजेट कमी असेल तर मी स्क्रीन लहान घ्यायला सांगतो आणि उरलेल्या पैशांत पुढच्या दारांचे स्पीकर बदलायला. यात आमचा फायदा कमी होतो. माझा पुतण्या यावर दर वेळी तोंड वाकडं करतो.

"भाऊ, ऑनलाइन घेतलाय, फक्त बसवून द्या," म्हणणारेही रोज येतात. आम्ही नाही म्हणत नाही, मजुरी आधी सांगतो. फक्त बसवण्याआधी सेट टेबलावर चालवून दाखवतो. डब्यावर चार जीबी रॅम आणि आत निम्मीच, असले सेटही निघतात. ते गिऱ्हाइकासमोरच उघडकीला आलेलं बरं.

माइक आम्ही सेटवरचा वापरत नाही, बाहेरचा घेऊन चालकाच्या बाजूच्या खांबावर, काचेजवळ लावतो. नाहीतर एसीचा ब्लोअर चालू असला की पलीकडच्याला फक्त वारा ऐकू येतो. हँडब्रेक ओढलेला असेल तरच स्क्रीनवर व्हिडिओ चालतो, ती हँडब्रेकची वायर मात्र बायपास करत नाही, कितीही गळ घातली तरी. चालत्या गाडीत चालकासमोर व्हिडिओ आम्ही सुरू करून देणार नाही. त्यापायी काही जण उठून गेले, जाऊ देत.

स्टेअरिंगवरची बटणं आणि कॅन बस बॉक्सचं, म्हणजे गाडीतले डिजिटल संदेश नव्या स्टिरिओला कळवणाऱ्या डब्याचं, सगळं काम आता पुतण्या बघतो. एसी आणि स्टिरिओ एकाच स्क्रीनवर असलेल्या नव्या गाड्या आम्ही घेत नाही. तिथे मूळ सेट काढला तर एसीच चालवता येत नाही. द्राक्षाच्या हंगामात पिकअपवाल्यांची गर्दी असते, तेव्हा आधी फोन करून या. जुन्या रेडिओला सुरू करायचा कोड असेल तर तोही सोबत आणा, परत बसवताना लागतो.