क्लॅपिंग म्युझिक अपडेट: आठवी शिफ्ट एकदाची सुटली

मंडळी, आठवी शिफ्ट सुटली! (नवीन आलेल्यांसाठी: क्लॅपिंग म्युझिक म्हणजे अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशची दोघांनी फक्त टाळ्यांवर वाजवायची रचना. दोघं एकच पॅटर्न वाजवतात, एक जण स्थिर, दुसरा ठरावीक आवर्तनांनी एक मात्रा गाळून पुढे उडी मारतो, ती प्रत्येक उडी म्हणजे एक शिफ्ट.) मागच्या अपडेटला सातवीवर गाडी अडलेली होती, आता सातवीतून आठवी, मग नववी, आणि पुढे थेट बाराव्या शिफ्टला दोघं परत एकत्र, मधे कुठेही न थांबता. टेम्पो अजून मिनिटाला १३२ आहे आणि राइशनं क्वार्टर नोटला (म्हणजे आपल्या दोन मात्रांना) १६० ते १८४ मागितलाय, पण तो चढेल, त्याचं टेन्शन नाही.

अडत कुठे होतं ते नीट लिहितो, कारण तबल्यावरून इकडे आलेल्या प्रत्येकाला हे भेटणार. पॅटर्न सगळ्यांना पाठच आहे, तीन टाळ्या-गॅप-दोन-गॅप-एक-गॅप-दोन-गॅप, बारा मात्रा. भाची पहिला पार्ट धरते, तिचं शेवटपर्यंत काही हलत नाही, दर बारा आवर्तनांनी उडी मारायची ती मी. आठव्या शिफ्टमध्ये माझ्या १, ४, ८ आणि ११ या मात्रा रिकाम्या, म्हणजे समेवरच (पहिल्या मात्रेवरच) टाळी नाही, आणि तीन टाळ्यांचा गठ्ठा पडतो ५-६-७ वर. आता तबल्याच्या बारा मात्रांच्या एकतालात पाचवीवर टाळी असते, इतकी वर्षं हात तिथे वजन टाकत आलाय, त्यात हा गठ्ठाही बरोबर तिथेच, त्यामुळे कान पाचवीलाच सम मानून मोकळा होतो आणि नववीत उडी मारायची वेळ आली की उडी कुठून मारायची तेच हरवतं.

राइशनं स्कोअरच्या सूचनांत हे अगोदरच सांगून ठेवलंय, दुसऱ्या वादकानं सम बारच्या (आवर्तनाच्या) पहिल्या मात्रेवरच ठेवायची, तीन टाळ्यांच्या सुरुवातीवर न्यायची नाही, आणि बाकी कुठेही वजन नको, म्हणूनच त्यानं टाइम सिग्नेचरसुद्धा (तालाचं माप) लिहिली नाहीये. पण करायचं कसं? मनात ठेका चालू ठेवला तर पाचवी आणखी जोरात ओढते. मेट्रोनोमचा क्लिक फक्त समेवर ठेवला तर क्लिक आहे तोवर सगळं छान, बंद केला की परत तेच.

सुटलं ते सातवी-आठवीच्या सांध्यावर. सातवीचं शेवटचं आवर्तन बघा, १० आणि ११ वर आम्हा दोघांच्या टाळ्या, १२ वर दोघंही गप्प, आणि उडी मारल्यावर १ वर फक्त भाचीची टाळी, मी रिकामा. गाळली जाते ती पॅटर्नमधली दोन गॅपच्या मधली एकटी टाळी, म्हणून माझ्याकडे सलग दोन मात्रा रिकाम्या येतात. सगळ्या पीसमध्ये हे फक्त इथेच होतं! मग मी माझी सम मोजायचं सोडलं आणि तिची ती एकटी टाळी हीच सम धरली. पुढेही तेच, ११ तिची, १२ माझी, १ तिची, दर आवर्तनाला सम तिच्या हातून येते आणि मी २ वर आत शिरतो. पाचवीची ओढ गेली की हो! आणि मग ७ माझी, ८ तिची, ९ माझी ही जी अदलाबदल ऐकू यायला लागते ना, अहाहा, त्यासाठी एवढी मेहनत वसूल.

एक मुद्दा परत मांडतो, उडी ही उडीच हवी. काही जण हळूच सरकत पुढच्या शिफ्टमध्ये जातात ते मला पटत नाही. ते सरकणं राइशचंच आहे, मान्य, १९६५ मध्ये दोन टेप रेकॉर्डर एकमेकांपासून सुटत गेले तिथून त्याला ते सापडलं आणि १९६७ च्या पियानो फेज या दोन पियानोंच्या रचनेत ते माणसांच्या हातात आलं. पण १९७० मध्ये तो घानाला जाऊन तिथल्या एवे लोकांचं ढोलवादन शिकून आला, मलेरियाही घेऊन आला, आणि १९७२ मध्ये टाळ्यांचं हे लिहिताना सरकणं टाळ्यांना जमत नाही हे बघून त्यानं ते मुद्दाम सोडलं. एक जण स्थिर, दुसरा थेट पुढच्या मात्रेवर.

टाळीचा आवाज: आम्ही दोघंही आता पोकळ हातानं वाजवतो. स्कोअरला सपाट-पोकळ दोन्ही चालतं, अट एवढीच की दोघांचा आवाज सारखा हवा. तो जुळला की कोणाची टाळी कुठली ते कळेनासं होतं आणि मधला तिसराच पॅटर्न वर येतो. लंडन सिन्फोनिएटा या वाद्यवृंदाचं क्लॅपिंग म्युझिकचं ॲप शिफ्ट पाठ करायला एक नंबर आहे, पण बोटानं टॅप करून टाळीचा आवाज घडत नाही, त्याला समोर माणूसच लागतो.

पुढचा प्लॅन टेम्पो १६० वर नेऊन मग पियानो फेज असा होता. पण हे लिहितानाच वाटतंय की आधी भाचीबरोबर पार्ट बदलून बघावेत, स्थिर पार्ट धरून बसणं हे वेगळंच काम आहे, आणि तिला तर कधीची उडी मारायचीय. पियानो फेजच्या आधी राइशचंच म्युझिक फॉर पीसेस ऑफ वूड घेतलं तर? १९७३ चं, पाच जण, सुरात लावलेल्या क्लेव्ह्ज (एकमेकींवर आपटून वाजवायच्या लाकडी दांड्या). ऑनलाइन मागवलेल्या क्लेव्ह्जचा आवाज बसका निघाला, सूर तर लांबच, त्यामुळे ओळखीच्या सुताराकडून शिसवाच्या करून घेणार. ए, बी, सी शार्प, डी शार्प आणि वरच्या सप्तकातला डी शार्प हवाय. लांबी कमी करत सूर चढवायचा की मधून तासून उतरवायचा, कोणी केलं असेल तर लिहा, लाकूड कापायच्या आत कळलं तर बरं.