आठशे डॉलरची शिंक

युगांडाच्या व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरायला बसले आणि तिथेच अडले: यलो फीवरच्या लशीचं प्रमाणपत्र जोडा. म्हणजे गोरिला राहिले बाजूला, आधी सुई.

ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रातच मिळते. पासपोर्ट दाखवायचा, अंड्याची अ‍ॅलर्जी नाही ना ते सांगायचं. आमचे हे एकसष्टचे. साठीपुढच्यांना ही लस जपून देतात, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी वेगळी. टोचल्यावर पिवळं कार्ड मिळतं, ते दहा दिवसांनी लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. परतताना ते जवळ नसेल तर भारतात विमानतळावरूनच विलगीकरणात रवानगी. मी दोन्ही कार्डं पासपोर्टला रबरबँडने बांधून टाकली.

विरुंगाचे ज्वालामुखी आणि त्यांच्यावरचं जंगल युगांडा, रवांडा आणि काँगो अशा तीन देशांत विभागलंय. रवांडाकडून गोरिला पाहायचा परवाना माणशी १५०० डॉलर, युगांडाकडून ८००. "डोंगर तोच, मग स्वस्त दारातून जाऊ," असा ह्यांचा हिशेब. काँगोतलं विरुंगा उद्यान जवळपास ७,८०० चौरस किलोमीटरचं आणि आमच्या वाट्याला आलेलं युगांडातलं मगहिंगा जेमतेम ३४! तिथे माणसांची सवय झालेला गोरिलांचा एकच कळप आहे, न्याकागेझी नावाचा. दिवसाला पाहुणे आठच.

एजंटने ह्यांच्या पासपोर्टच्या नंबरात ६ च्या जागी ८ टाकला होता. मी परवाना अक्षराअक्षरावर बोट ठेवून वाचला म्हणून सापडलं. दुरुस्तीला अकरा दिवस आणि सात ईमेल लागले. परवाना आला की तो पुरता वाचा, एवढंच सांगेन.

कंपालाहून उद्यानाजवळच्या किसोरोला पोचायला अख्खा दिवस गेला. कबालेच्या पुढे घाट लागला, ह्यांनी काच खाली करून गार वारा खाल्ला, आणि रात्री पहिली शिंक आली.

सकाळी मगहिंगाच्या न्टेबेको गेटवर रेंजरने नियम सांगितले. मास्क लावा, दहा मीटर लांब राहा, वेळ एक तास. मग म्हणाला, सर्दी, खोकला, ताप असेल त्याने आत्ताच सांगावं. आपली दुखणी गोरिलांना लागतात. आपल्याला जी नुसती सर्दी, ती त्यांच्या जिवावर बेतू शकते.

"गोळी घेतलीय ना? गप्प बसा," मी पुटपुटले.

ह्यांनी हात वर केला.

मग जे झालं ते शुद्ध मराठीत, सगळ्यांसमोर. "अहो, आठशे डॉलर!" "माहितीये गं." "मास्क आहे की!" "मास्कमधूनही शिंक येतेच. तू जा, नीट बघून ये."

मी चिडूनच निघाले. शेतात रानरेडे शिरू नयेत म्हणून रचलेली काळ्या दगडांची भिंत ओलांडली की जंगल सुरू. पुढे बांबू आणि घोट्यापर्यंत चिखल. पोर्टर घेतला नसता तर मी त्या भिंतीवरच बसून राहिले असते. वाटाड्याने सब्यिन्यो ज्वालामुखीचे सुळके दाखवले. नावाचा अर्थ म्हाताऱ्याचे दात. तिन्ही देशांच्या सीमा त्या दातांवर मिळतात. न्याकागेझी कळप पूर्वी खुशाल पलीकडे निघून जायचा, म्हणाला. पाहुणे परवाने घेऊन युगांडात आणि गोरिला रवांडात.

पुढे गेलेल्या माग काढणाऱ्यांनी वायरलेसवर कळवलं आणि अर्ध्या तासात आम्ही समोर उभे. पाठीवर चंदेरी केस असलेला नर रानटी सेलरीचा दांडा दातांनी सोलत होता, आपण ऊस सोलतो तसा. साल बाजूला टाकायची, आतला गर चावायचा. बोटं थेट माणसाची, जाड, नखं काळी. आयुष्यभर माती उपसलेल्या शेतकऱ्याची वाटावी अशी. नाकावरच्या सुरकुत्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, त्यावरून रेंजर त्यांना ओळखतात. असे पर्वतीय गोरिला जगात मोजले गेलेत ते १,०६३. त्यातल्या एकाने आमच्याकडे शांतपणे पाहिलं आणि लांबलचक वारा सोडला. मास्कच्या आड आम्ही सगळेच हसलो.

परत आले तर हे गेटजवळ बटवा समाजाच्या एका वाटाड्याशी बोलत बसलेले, मध्ये चांगलं दोन हातांचं अंतर ठेवून. १९९१ साली राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा या लोकांना जंगलाबाहेर काढलं. आता त्यांच्यातले काही जण पर्यटकांना आत नेऊन पूर्वी आग कशी पेटवायचो, मध कसा काढायचो ते दाखवतात. गोरिला वाचले हे चांगलंच झालं, पण त्याची खरी किंमत आठशे डॉलर नव्हे, हे मला तिथे उभं राहून टोचलं.

"काय दिसलं?" ह्यांनी विचारलं. मी सगळं टाकून आधी वाऱ्याचं सांगितलं. हसता हसता ह्यांना खोकल्याची अशी उबळ आली की गेटवरचा रेंजर दोन पावलं मागे सरकला.