ईएसआयचा बेकारी भत्ता आणि माझे दोन नंबर (माझा अनुभव)

पैसे येऊन बरेच महिने झाले, तरी ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) ऑफिसची ती खिडकी आठवली की अजून डोकं फिरतं, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

मी एमआयडीसीत ठेक्यावर होतो. पगार साडेअकरा हजार, त्यातून ईएसआयचा पाऊण टक्का कापला जायचा. नोव्हेंबर २०२१ अखेर ठेका संपला, "कळवतो" म्हणाले, कळवलं काही नाही. शेजारच्या काकांनी सांगितलं की ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, काम गेलं तर ९० दिवसांपर्यंत निम्मा पगार मिळतो (आधी पाव होता, २०२० मध्ये निम्मा केला), पण आयुष्यात एकदाच. काम सुटून ३० दिवस झाल्यावर ऑनलाइन क्लेम टाकला. तिथवर सगळं सुरळीत.

मग शाखेतून बोलावणं. मॅडमनी माझा विमा नंबर टाकला, स्क्रीन बघितली आणि म्हणाल्या, "तुमचा विमा जानेवारी २०२१ पासूनचा. दोन वर्षं कुठे झाली?" म्हणलं मॅडम, जून २०१९ पासून पैसे कापले जातायत माझे. "इथे दिसत नाही."

दिसणार कसं! मधे ठेकेदार बदलला होता. गेट तेच, मशीन तेच, सुपरवायझर तोच, पण नवीन ठेकेदाराच्या ऑफिसातल्या पोराने जुना नंबर न विचारता सगळ्यांचे नवीन नंबर काढले, आणि आम्हीही तोंड उघडलं नाही, कोणाला माहीत होतं. म्हणजे सरकारच्या हिशोबात २०१९ चा मी वेगळा आणि २०२१ चा मी वेगळा. आणि नियम असा की दोन वर्षं विमा पाहिजे, काम जाण्याच्या आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचे विम्याचे पैसे भरलेले पाहिजेत, आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत ७८. सहामाही म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. एप्रिल-सप्टेंबर माझी फुल होती. त्याआधीच्या सहामाहीत नवीन नंबरवर फक्त जानेवारी ते मार्च, २६, २४, २६. बेरीज ७६. दोन दिवस कमी! फेब्रुवारीत चुलतभावाच्या हळदीला घेतलेली सुट्टी तिथेच आठवली.

उपाय एकच, जुना नंबर जोडून घेणे. जुन्या ठेकेदाराने फोन उचलणं बंद केलेलं. शेवटी जुन्या ईएसआय कार्डाची प्रिंट आईच्या रेशनकार्डाच्या पिशवीत सापडली, घडीवर फाटलेली, पण नंबर वाचता येत होता. अर्ज दिला, तर जुन्या नंबरवर वडलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. परत अर्ज. "वर पाठवलाय." किती वर ते कळलं नाही. पाच चकरा झाल्या. तिसऱ्या चकरेत अजून एक कळलं, नवीन ठेकेदाराने काम सुटण्याचं कारण असं टाकलेलं की मीच नोकरी सोडली. ठेका संपल्याचं त्याच्याकडून लेटरहेडवर लिहून आणलं, त्यासाठी दोन तास त्याच्या दारात बसलो.

हां, एक राहिलं. बाहेर बसलेले एजंट बाँडपेपरवर प्रतिज्ञापत्र करायला लावतात. क्लेम टाकतानाच आधार आणि बँकेचे कागद अपलोड केले असतील तर ते प्रतिज्ञापत्र लागत नाही, माझे दीडशे रुपये तिथे गेले. बँक खातं आणि आधार आधीच नंबरला जोडून ठेवा. आणि पगारातून कापले म्हणजे भरले असं समजू नका, ईएसआयच्या साइटवर लॉगिन करून किती दिवस भरलेत ते मधूनमधून बघत जा.

शेवटी १३,५०० आले. मला वाटत होतं सतरा हजारांच्या वर येतील, साडेअकराचे निम्मे गुणिले तीन. पण हिशोब चार सहामाह्यांच्या एकूण कमाईला ७३० ने भागून होतो. माझे २ लाख १९ हजार, म्हणजे रोजचे ३००, त्याचे निम्मे १५०. लॉकडाऊनचे आणि दोन ठेक्यांमधले बिनपगारी दिवसही त्या ७३० मध्ये धरलेले. ठेक्यावरच्या माणसाला तिथेही चाट बसतेच.

आता तिसऱ्या ठेकेदाराकडे आहे. जॉइनिंगला पोरगा म्हणाला, "दादा, नवीन नंबर काढू, पटकन होतं." मी ती फाटकी प्रिंट लॅमिनेट करून नेली होती, टेबलावर ठेवली आणि म्हणलं, हाच टाक, मी समोर बसतो.